गौरीच्या गाडीला तेलकुंकू

आमच्या गौरीनं बनवलेली गाडी वळत नाही. ती फक्त सरळ जाते आणि मध्ये कुणी बोललेलं तिला चालत नाही. (या बाबतीत गाडी माझ्या सासूबाईंवर गेलीय असं मी एकदा बोलून गेले. पुढचे दोन दिवस आमचे हे घरात फक्त मांजराशी बोलत होते.)

गौरी म्हणजे माझी लेक, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आम्ही सोलापुरात सात रस्त्याजवळ राहतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा माझा घरगुती धंदा आहे. वाऱ्याचा आणि माझा संबंध तोवर वाळत घातलेल्या कपड्यांपुरताच होता. एके दिवशी ही पोरगी आली आणि म्हणाली, "आई, मी आणि माझ्या वर्गातला श्रीनू वेगाची गाडी बनवतोय. बाबांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन आणि वर फायबरचं कवच. आत झोपून चालवायची. सरळ रस्त्यावर कुणाची गाडी किती पळते, एवढीच स्पर्धा."

"झोपायचंच असेल तर घरात काय वाईट आहे?"

"आई, सिरियसली ऐक की. आधी ताशी शंभरच्या वर गेल्याचा व्हिडिओ पाठवायचा, तरच स्पर्धेत घेतात."

ह्यांची ती मोटारसायकल उभ्या जन्मात ऐंशीच्या पुढं गेली नव्हती. कॉलेजातल्या सरांनी तर सरळ सांगितलं की विंड टनेलशिवाय असली गाडी होत नसते, तुम्ही प्रदर्शनात ठेवायला एक मॉडेल करा. विंड टनेल म्हणजे एक मोठा बोगदा असतो म्हणे. त्यात गाडी ठेवून वारा सोडतात आणि वारा गाडीला कुठं चिकटून जातो, कुठं सुटतो ते बघतात. मॉडेलचं ऐकून पोरगी त्या दिवशी जेवली नाही. माझ्या लेकीला कुणी 'प्रदर्शनात ठेवा' म्हणावं, हे मलाही लई लागलं. मी म्हटलं, बोगदा नसेल आपल्याकडं, कूलर तर आहे!

झालं. भर मे महिन्यात आमच्या हॉलमधला कूलर विज्ञानाच्या सेवेत रुजू झाला. श्रीनूनं माझ्या परातीतली कणीक उचलून गाडीचं मॉडेल केलं, गौरीनं त्याच्यासमोर उदबत्ती धरली आणि धूर कुठून कसा जातो ते दोघं डोळे बारीक करून बघायला लागले. (श्रीनूचं घर विणकरांचं. त्यामुळं तो धुराकडंसुद्धा सूत बघितल्यासारखा बघतो.) हे कोपऱ्यात बनियनवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होते.

"अगं, मला जरा कूलर मिळंल का?"

"बाबा, एअरफ्लो डिस्टर्ब होतोय. हलू नका."

सकाळी मासोळीसारखं असलेलं मॉडेल सोलापूरच्या उन्हात संध्याकाळपर्यंत फुगून म्हशीसारखं झालं. तरी पोरांनी धीर सोडला नाही. त्यावरूनच मापं काढली, महिनाभर अंगणात फायबर घासलं आणि अखेर एक पांढरीशुभ्र, लांबलचक गाडी तयार झाली. फक्त एक घोटाळा झाला. गाडी न्यायला आणलेल्या टेम्पोचा मागचा फाळका लागेना, म्हणून गाडीची शेपूट हातभर कापावी लागली. "त्यानं काय होतंय?" असं हे म्हणाले, मीही म्हणाले. गौरीचं मात्र तोंड उतरलं होतं.

व्हिडिओ पाठवायचा शेवटचा दिवस, रविवार उजाडला. मोहोळच्या अलीकडं एक नवा रस्ता तयार होऊन पडला होता, अजून खुला व्हायचा होता. ठेकेदार माझाच मावसभाऊ. त्यानं दोन्ही तोंडांना आडवे बांबू लावून ठेवले होते.

"ताई, धा वाजता डंपर येत्यात," तो म्हणाला. "त्याच्या आत काय उडवायचं ते उडवा. त्यानंतर माझ्या हातात काय न्हाय."

गाडी टेम्पोतून उतरवली. गौरीनं ती मऊ फडक्यानं आरशासारखी पुसली आणि मला बजावलं, "आई, बॉडीला हात लावायचा नाही. पॉलिशवर एक थेंबसुद्धा नकोय मला." एवढं बोलून ती आणि श्रीनू रस्ता चालत तपासायला गेले. खडा, खिळा काही पडलाय का बघायला.

आता तुम्हीच सांगा. नवी गाडी. माझी एकुलती एक लेक तिच्यात झोपून शंभरच्या वेगानं जाणार. आणि पूजा नाही? आमच्या गल्लीत सायकल आली तरी नारळ फुटतो. नारळ मी मोठ्या मनानं रद्द केला होता. पण निदान नाकावर एक स्वस्तिक काढावं की नाही?

कुंकू पाण्यात कालवून लावलं तर त्या पॉलिशवर ते टिकेना, थेंब होऊन ओघळायला लागलं. मग मी दिव्यासाठी आणलेल्या तेलात कालवलं. वा! बोट कसं लोण्यासारखं फिरलं. पण तेल जरा जास्त झालं आणि स्वस्तिकाचे पाय लांबायला लागले. तेवढ्यात समोरून गौरी परत येताना दिसली. मी घाईघाईनं पदरानं पुसायला गेले. पुसल्यावर तेल जातं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पांढऱ्या गाडीवर करून बघावं. स्वस्तिक नाकावरून गालांवर गेलं, गालांवरून डोक्यावर गेलं, आणि गौरी पोचेपर्यंत गाडीचं अख्खं पुढचं अंग गुलाबी झालं होतं.

"आई."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अगं, मी धुते की."

"कशानं? प्यायच्या पाण्यानं? साबण कुटंय इथं?" तिनं घड्याळ बघितलं, हेल्मेट घातलं आणि त्या गुलाबी गाडीत आडवी झाली. श्रीनूनं पट्टे बांधले, झाकण लावलं. ह्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती मान मला पाठ आहे.

गाडी गेली. काय गेली म्हणता! एका टोकाला मावसभाऊ, दुसऱ्या टोकाला आम्ही, आणि मध्ये माझं लेकरू. गाडी थांबली तशी आम्ही धावत गेलो. श्रीनूनं मीटरवरचा आकडा बघितला. चौऱ्याण्णव.

गौरीनं हेल्मेट काढलं आणि रडायला लागली. "सर बरोबर बोलले होते. टनेलशिवाय होत नाही. आणि त्यात हे तेल..."

मी रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. पोरीची महिन्याची मेहनत मी एका पदरानं पुसून टाकली, असंच मला वाटत होतं. ह्यांनी पाण्याची बाटली आणून दिली. देताना पुन्हा तीच मान हलवली, म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं.

तेवढ्यात श्रीनूनं हाक मारली. "गौरी, हितं ये. रडू नको, आधी हितं ये."

तो गाडीच्या मागं उकिडवा बसला होता. वाऱ्यानं माझं तेलकुंकू नाकापासून मागं ओढत नेलं होतं आणि पांढऱ्या अंगावर लाल रेघा उमटल्या होत्या. अगदी सरळ, फणीनं विंचरल्यासारख्या. पण जिथं शेपूट कापली होती, त्याच्या जरा अलीकडं रेघा एकदम गायब! तिथं नुसते कालवलेले डाग होते.

"इथं वारा सुटतोय," गौरी हळूच म्हणाली. "पुढचं सगळं बरोबर आहे. आपलं डिझाइन बरोबर आहे, श्रीनू! कापलेल्या शेपटीनं वेग खाल्ला."

मग काय विचारता. गाडी ढकलत परत टेम्पोपाशी आणली. टेम्पोत माझी भाकरीची रिकामी खोकी होती. श्रीनूनं ती कापली, ह्यांनी चिकटपट्टी ओढली, आणि बघता बघता गाडीला पुठ्ठ्याची निमुळती शेपूट आली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'घरगुती कडक भाकरी' असं होतं. मला उलटं करून लावा म्हणायचं होतं, पण मी तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवण्याचा माझा हा पहिलाच प्रयोग.

गौरी गाडीत बसता बसता थांबली आणि माझ्याकडं वळली.

"आई, कुंकू उरलंय का?"

मला वाटलं टोमणा मारतीय.

"खरंच विचारतीय. शेपटीच्या जोडाच्या अलीकडं लाव. तेल जास्त घाल. वारा आता नीट जातोय का ते कळंल."

मी लावलं. चांगलं चोपडून लावलं.

दुसऱ्या खेपेला इंजिनाचा आवाज तोच होता, गाडी मात्र वेगळीच वाटली. 'घरगुती कडक भाकरी' माझ्या डोळ्यांसमोरून अशी गेली की मला 'कडक'सुद्धा नीट वाचता आलं नाही. पलीकडच्या टोकाला मावसभाऊ फेटा उडवून नाचायला लागला, तेव्हा आकडा विचारायची गरजच उरली नाही. तरी मी विचारला. एकशे तीन. पांढऱ्या अंगावरची रेघ थेट पुठ्ठ्यापर्यंत सरळ गेली होती. गौरीनं मला तेलकट हातांसकट मिठी मारली आणि आम्ही दोघी रडलो. डंपरवाले येऊन हॉर्न वाजवायला लागले तरी रडत होतो.

व्हिडिओ गेला, आणि आठवड्यात स्पर्धेचं बोलावणंही आलं. सर घरी पेढे खाऊन गेले. गौरीनं संघाच्या नावांत 'हवेची चाचणी' यापुढं माझं नाव घातलंय. आता मी भाजी घेताना, दळण आणताना, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या माणसांना थांबवून छाती काढून सांगते की लेकीच्या गाडीची वाऱ्याची चाचणी मी केली. फक्त "म्हणजे नेमकं काय केलं?" असं कुणी विचारलं, की मला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.