तिच्या खोलीचं दार काढलं तेव्हा
नववीत गेल्यावर काही आठवड्यांतच माझी मुलगी शाळेत जायची बंद झाली. भांडण नाही, कुणी चिडवलेलं नाही. एका सकाळी ती उठलीच नाही. पोट दुखतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. पिवळी बस आमच्या कोपऱ्यावर थांबायची, बाकीची मुलं चढायची आणि मी खिडकीतून बघत उभी असायचे. थोड्या वेळानं शाळेचा रेकॉर्डेड फोन यायचा, तुमचं मूल आज गैरहजर आहे म्हणून.

आम्ही अमेरिकेत अ‍ॅशबर्नला राहतो. नवरा डेटा सेंटरमध्ये आहे, मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कॅमेरा बंद करून मीटिंग ऐकायची आणि मधूनमधून तिच्या खोलीत जायचं. आधी गोडीनं, मग ओरडून. फोन काढून घेतला, परत दिला. तिला आवडणारं सगळं करून पाहिलं, वरच्या तिच्या खोलीतून ताट तसंच खाली यायचं. डॉक्टरांच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल आल्या. थेरपिस्टकडे वेटिंग लिस्ट होती. पुण्याहून सासूबाई म्हणाल्या, लाड फार झालेत. माझी आई म्हणाली, दृष्ट काढ. मी तीही काढली. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि जाळल्या तर स्मोक अलार्म वाजेल म्हणून ओवाळलेल्या मीठ-मोहऱ्या मी सिंकमध्ये टाकल्या.

ओळखीच्यांना काही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर तिला फार अभ्यास असतो म्हणायचो.

ती आतून लॉक करून बसायला लागली, तेव्हा नवऱ्याचा धीर सुटला. एका सकाळी त्यानं ड्रिल आणून तिच्या खोलीचं दारच बिजागऱ्यांतून काढलं. पडू नये म्हणून मी दुसऱ्या बाजूनं धरलं. दार गराजमध्ये टेकवून तो ऑफिसला गेला.

नंतर मी वर गेले तर पलंग रिकामा. बाथरूममध्ये नाही, मागच्या अंगणात नाही. रस्त्याच्या टोकापर्यंत चप्पल न घालता धावत जाऊन आले. नको ते सगळं मनात येऊन गेलं. पोलिसांना फोन लावणार तेवढ्यात वरून हँगरचा आवाज आला.

ती तिच्या क्लॉझेटमध्ये होती. थंडीच्या जाकिटांच्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन, अंधारात.

बाहेर ये म्हटलं तर तिनं मानेनंच नाही म्हटलं. मी आत शिरले आणि तिच्या शेजारी बसले. मला रडू फुटलं, ते तिच्यापासून लपवायचीही ताकद नव्हती. खाली माझी मीटिंग चालू होती, कुणीतरी माझं नाव घेत होतं.

मग ती बोलली. "बस आली की आय कान्ट ब्रीद, आई. तू रोज व्हाय विचारतेस. आय डोन्ट नो व्हाय."

"बरं," मी म्हणाले. "आता नाही विचारणार."

संध्याकाळी मी नवऱ्याला हे सांगितलं. तो जेवला नाही. गराजमधून दार वर आणलं आणि पुन्हा बसवलं. आतून तिनं ते लगेच लावून घेतलं. तो जिन्यात माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "माझ्या वडिलांनी मला बदडून शाळेत घातलं होतं. मला दुसरं काही येत नाही गं." त्याला असं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे थेरपिस्ट मिळाली. तिनं या सगळ्याला एक नाव दिलं. नाव मिळाल्यानं काही दिवस बरं वाटलं. शाळेनं दोनच तास यायची परवानगी दिली. बसऐवजी मी ड्राइव्ह करून नेते. कधी ती आत जाते. जास्त वेळा आम्ही पार्किंगपर्यंत जातो आणि परत येतो. मी कारण विचारत नाही. ते विचारणं मी गिळते, पण दर सकाळी ते पुन्हा घशाशी येतं.

गेल्या आठवड्यात तिनं सीटबेल्ट काढला, दप्तर मांडीवर घेतलं, आत जाणाऱ्या मुलांकडे बघत राहिली. मग बेल्ट पुन्हा लावला. "आज नाही, आई."

मी गाडी रिव्हर्स घेतली. घरी येऊन ती आत गेली, आणि मी स्टीअरिंग धरून तशीच बसून राहिले. आत जाऊन उरलेला दिवस कसा काढायचा, ते मला कळत नव्हतं.