दादाच्या पोटरीची गाठ

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. दादाला तर नाहीच — आणि आता दादाही राहिला नाही.

दुष्काळाचं साल होतं. वाशीकडच्या आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. थोरला भाऊ, दादा, तिथं माती खणायचा. मी धाराशिवला कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकत होतो, सुट्टीत घरी आलो होतो. टिकावाचं टोक दादाच्या पोटरीत गेलं. जखमेचं तोंड बारीक, भोक खोल, आत माती. मायनं हळद-चुना कालवला.

दादा हसून म्हणाला, "काय डागदर, काय म्हनतंय तुझं पुस्तक? बांधू, का ऱ्हाऊ दिऊ उघडी?"

मला ठाऊक नव्हतं का? होतं. काही जंतू हवा कोंडली की माजतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण मारायला त्यांनाही प्राणवायू लागतो. तो नसला की त्या निम्म्या ताकदीनं लढतात. जखम उघडी ठेवायची, धुवायची, दवाखाना गाठायचा — हे मी परीक्षेत लिहून आलो होतो.

पण मग दादा घरी बसला असता, आणि त्याच्या जागी मला टोपलं उचलावं लागलं असतं. काम सडकेला लागून होतं. एसटीतून माझ्या वर्गातली मुलं जायची. त्यांनी मला पाहिलं असतं तर? — एवढंच. दुसरं काही नव्हतं.

"बांध की," मी म्हणालो. "मीच बांधतो, घट्ट."

दादा लंगडत कामावर गेला. मग पाय सुजला, काळा पडला. दाबलं की कातडीखाली हवा करकरायची. बैलगाडी जुंपून मीच त्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पाय गुडघ्यातून गेला.

पुढं दादा गावच्या दूध संस्थेत माप घ्यायला बसायचा. येईल त्याला सांगायचा, "धाकट्यानं गाडी जुपली म्हनून हाय मी. लई शिकलाय." मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

मी गावी गेलो की तो लाकडी पाय पुढं करायचा. "पट्टा तूच बांध रं. तुझ्यावानी गाठ कुनाची बसत न्हाय."

मी बांधायचो. किती वर्षं — आणि दर वेळी तोंड उघडायला वेळ होता.

पोटरीला फडकं गुंडाळताना मला कळत होतं. ओढून गाठ मारतानाही कळत होतं.