पाहणं एक, इंग्रजी तीन

माही एक फजिती सांगते, पण आमच्या सोनूसमोर काढू नका. थे अजून चिडते.

मी शाळेत गेली नाही, पण नवा शब्द ऐकला का मले चैन पडत नाही. नात सोनू अमरावतीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. एकदा इचारलं, "पाहणं म्हणजे काय गं इंग्रजीत?"

"कोणतं पाहणं, आजी? नजरेस पडलं तं सी. मुद्दाम नजर वळवली तं लुक. नजर ठेवून बसलं तं वॉच."

आता सांगा, आपण पोरगी पाहतो, वाट पाहतो, दूध उतू जाते का थेही पाहतो. एका शब्दात सारं भागते. त्याईले तीन कायले लागले असतील? पोळ्या लाटतानाही मी तेच घोकत होती.

मंग अकोल्याचे पाहुणे सोनूले पाहाले आले. पोरगा फोटोतच तिच्या मनात भरला होता. पोराची वहिनी केरळची, मराठी येत नाही. बिचारी एकटीच पोहे चिवडत होती. म्हटलं, हिले सांगावं, तुमचा पोरगा आमी पाहिला, पसंत आहे.

"वुई वॉच युवर बॉय," मी म्हटलं. "व्हेरी गुड."

वहिनीचा चमचा थांबला. तिनं नवऱ्याले सांगितलं, त्यानं आईले.

"पाळत ठेवता काय जी आमच्या पोरावर?" पोराची आई म्हणाली.

सोनूचा चेहरा उतरला. "नाही जी, काकू. आजीचा शब्द चुकला. फोटो पाहिला म्हणत होती."

पोरगा माह्याकडे पाहत होता. "आजी, मागच्या आठवड्यात आमच्या दुकानासमोर रसवंतीत दुपारभर तुमीच बसल्या होत्या ना? हेच निळं लुगडं होतं."

"आजी, तू तं बाळापूरले बहिणीकडे गेली होती!" सोनू म्हणाली.

आमच्याकडे पोरगी द्यायच्या आधी कोणीतरी गुपचूप पाहून येतेच. यावेळी मीच गेली.

पोरगा हसला. "आई, आपल्या मामानं सोनूच्या शाळेसमोर दुसरं काय केलं?"

आईनं पदर सावरला. "बरं, मुहूर्त पाहा मंग."

साऱ्या जन्मात इंग्रजीचा एकच शब्द मी बरोबर वापरला, अन् त्यानंच मले पकडून दिलं. हे मुहूर्त पाहणं त्या तीन शब्दांतलं कोणतं, हे इचारायचं ओठावर आलं होतं. सोनूनं माह्या हातात पोह्यांची बशी दिली अन् म्हणाली, "आजी, तू खा."