नाव कोरलेला डबा

१९ एप्रिल, रविवार. माळ्यावरचे डबे खाली काढले.

वर्षाची तूरडाळ आली होती आणि ती पोत्यात पडून राहिली तर तिला कीड लागते. अमरावतीत माझी मेस आहे, शिकायला आलेल्या मुलामुलींना मी डबे पुरवते. रविवारी संध्याकाळचा डबा नसतो, त्यामुळे असली कामं मी त्या दुपारी काढते. नवरा स्टुलावर उभा राहून एकेक डबा खाली देत होता, मी ओल्या फडक्यानं पुसून ओट्यावर मांडत होते. मागच्या कोपऱ्यातला एक मध्यम स्टीलचा डबा आला. झाकण घट्ट बसलं होतं. धूळ पुसली तशी पोटावरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. एका बाईचं नाव आणि आडनाव. बाकी काही नाही.

ते नाव मागच्याच महिन्यात मी माइकवरून घेतलं होतं.

"काय झालं? झुरळ निघालं काय?" नवऱ्यानं वरून विचारलं.

"काकूंचा डबा आहे."

"कोनत्या काकू?"

मी डबा वर धरला. त्यानं चष्मा सारखा करून वाचलं, स्टुलावरून उतरला, पुन्हा वाचलं. "म्हणजे आता तुलेही आत टाकतात काय," असं म्हणाला. सवयीनं म्हणाला. दोघांनाही हसू आलं नाही.

या काकू अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या माहेरच्या गल्लीत राहायच्या. एकट्याच होत्या. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा घरात खून झाला. त्या दिवशी कूलरचं गवत बदलायला जो माणूस आला होता त्याला पकडलं. त्याला घरात शिरताना लोकांनी पाहिलं होतं, पण कूलरवाला घरात शिरणारच. लोकांची खात्री पटली ती वेगळ्या गोष्टीनं. त्याच्या घरी काकूंचं नाव कोरलेला डबा सापडला. हा डबा आईच्या काळापासून आमच्या घरात आहे, असं तो म्हणाल्याचं पेपरात बातमीच्या शेवटी एका ओळीत आलं होतं. ती ओळ मी वाचली होती. चोर दुसरं काय सांगणार, असं म्हणून पेपर घडी घालून ठेवला होता.

खटला सुरू झाला तसे दोन्ही शहरांत मोर्चे निघाले. फाशी द्या, लवकर द्या. आमच्या महिला मंडळानं मार्चच्या कार्यक्रमात हाच विषय ठेवला: फाशीची शिक्षा असावी की नसावी. नसावी म्हणायला एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. असावी म्हणायला अनेक जणी तयार होत्या, पण अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुम्ही बोला. तुम्ही तर त्यांच्या गल्लीतल्या." मला बरं वाटलं. मेसवालीला कोणी व्यासपीठावर बोलावत नाही.

प्राध्यापिका हळू बोलल्या. कायद्याचं फार सांगितलं नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुरुंगातून माणूस परत आणता येतो, ताई. फासावरून नाही. तुमची खात्री कितपत आहे?"

मी माइक हातात घेतला. "मॅडम, काकूंच्या नावाचा डबा काय चालत गेला त्याच्या घरी?"

हॉल हसला, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आणि त्यांच्यात कुठं भांड्यांवर नावं घालतात!" तो माणूस मुसलमान आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी मान डोलावली. कोणीतरी व्हिडिओ काढला होता, तो पुढं अमरावती-अकोल्याच्या कितीतरी ग्रुपवर फिरला. त्यात माझं वाक्य आहे, टाळ्या आहेत. मान डोलावलेली त्यात दिसत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

डबा ओट्यावर ठेवून मी अकोल्याला आईला फोन लावला. ती भावाकडे असते. ऐकू कमी येतं, पण फोन कानाला लावला की नीट बोलते.

"आई, माझ्याकडे गल्लीतल्या काकूंचा डबा आहे. कसा आला?"

"कोनता? झाकनाचा? स्टीलचा?"

"हो."

"मीच तर देल्ला तुले लग्नात. त्यात मुंगवड्या भरून. काहून, झाकन हरवलं काय?"

"पण तुझ्याकडे कसा आला?"

"उद्यापनाचा हाये तो. काकूनं सोळा सोमवारचं उद्यापन केलं, तवा साऱ्या गल्लीतल्या बायांले वाटले. तू शाळेत होती. तुले आठवत नाई? लाडू तर तूच खाल्ले सारे."

आठवलं नव्हतं. ती म्हणाली तेव्हा आठवलं, तेही लाडूच आधी. मी पुढचा प्रश्न विचारायला वेळ घेतला. तिला वाटलं फोन कटला.

"हालो? गेली काय व?"

"आहे. आई, गल्लीतल्या बायांनाच दिले होते का अजून कोणाला?"

"चाचीले देल्ला ना. मनियारीन. सकाळपासून बसून साऱ्या बायांले बांगड्या भरल्या तिनं. काकू म्हणे, हिनं माह्या घरी एवढ्या बायांचे हात सजवले, हिले रिकाम्या हातानं कशी धाडू? तोच डबा, तेच लाडू. चाची रडली होती."

"चाचीचा मुलगा काय करतो?"

"लहाना कूलरचं काम करते. त्यालेच तर धरलं बाप्पा काकूच्या..." आणि ती थांबली. मग म्हणाली, "काहून इचारतं? त्याच्या घरी असाच डबा सापडला काय?"

"तुला कोणी सांगितलं नाही?"

"मले कोन सांगते? तुह्या भावानं तुहा व्हिडिओ दाखोला. मले काय ऐकू येते? तू हात करून करून बोलून राहिली होती, साडी बरी होती. मले वाटलं, त्याच्या घरी काकूचे दागिने सापडले असन." मग म्हणाली, "तू काहून बोलली व तिथं? मले इचाराचं ना आधी."

मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "मले काय सांगतं," आणि फोन ठेवला.

तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. काकूंना कोणी मारलं ते मला मार्चमध्ये माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. मला एवढंच कळलं की माझ्या खात्रीच्या बुडाशी एक डबा होता आणि तसाच डबा माझ्या माळ्यावर होता.

पण लाज वाटली ती विसरण्याची नाही. गल्लीतलं उद्यापन विसरणं शक्य आहे. भांड्यावर ज्याचं नाव तो भांडं देणारा असतो, घेणारा नाही, हे मराठी बाईला शिकवावं लागत नाही. लग्नात, बारशात, तेरवीला वाटतात त्या भांड्यांवर आपण आपलं नाव घालूनच वाटतो, म्हणजे घेणाऱ्याला आठवण राहावी. मी ओट्यावरचे डबे वाचले. नणंदेच्या सासूबाईंचं नाव होतं. आधीच्या घरमालकिणीचं होतं. एका मोठ्या परातीवर अचलपूरच्या कोणा गृहस्थांचं नाव होतं, त्यांना आम्ही दोघंही ओळखत नव्हतो. माझ्या स्वतःच्या नावाची भांडी फार थोडी निघाली. त्या हिशेबानं मी अर्ध्या वऱ्हाडात घरफोड्या केल्या होत्या.

आणि मी डब्याचाच धंदा करते. एकाचा डबा दुसऱ्याकडे जाणं माझ्याकडे रोजचं आहे. कोणी चिडून आलं, माझा डबा त्याच्या खोलीवर सापडला, त्यानं चोरला, तर मी म्हणते, अरे, आधी विचार तर त्याला कसा आला ते. पोरांना रोज सांगते. त्या माणसाच्या बाबतीत ते मला सुचलं नाही, कारण त्याच्या घरात आमच्याकडचा डबा मानानं गेला असेल, ही शक्यता माझ्या डोक्यात शिरलीच नाही. काकूंच्या डोक्यात ती तेव्हा शिरली होती. आणि मी काकूंच्या नावानं बोलत होते.

नवरा डाळीचं पोतं उसवत होता. म्हणाला, "एका डब्यानं काय होते? बाकी पुरावा असंल त्याहिच्याजवळ."

"असेल."

"मंग? कोर्टाच्या चकरा कोन मारंल? मेस कोन पाहील?"

"मी काही म्हटलं का?"

"नाई. म्हणून तर मी म्हणून राहिलो."

मी डबे भरायला घेतले. काकूंच्या डब्यात डाळ भरली, झाकण लावलं आणि फळीवर ठेवताना नावाची बाजू भिंतीकडे केली. हे मी विचार न करता केलं, असं म्हणायला आवडलं असतं. विचार करूनच केलं. तो डबा तिथं असाच राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं. आई म्हातारी आहे, तिला कोणी विचारत नाही. नवरा बोलला नसता. त्या माणसाला फाशी झाली असती तर मंडळाच्या ग्रुपवर लोकांनी हात जोडले असते, मीही जोडले असते, आणि वरणाला डाळ काढताना रोज तो डबा उघडला असता.

उरलेला सगळा वेळ त्या फळीकडे पाठ करून काम केलं. कणीक भिजवून ठेवली, मिरच्या निवडल्या. नवऱ्यानं दोनदा विचारलं, बरं नाही काय. बरी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या आटोपल्या, डबे भरून दिले आणि मेस नवऱ्याच्या हाती सोपवली. तो म्हणाला, "भाजीत मीठ टाकलं ना?" काकूंच्या डब्यातली डाळ पातेल्यात ओतली. डबा धुतला नाही, जसा होता तसा पिशवीत घातला. मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: मार्चच्या कार्यक्रमात मी डब्याबद्दल जे बोलले ते चूक होतं, तसा डबा माझ्याही घरी आहे, काकूंनी तो उद्यापनात वाटला होता, माझा व्हिडिओ ज्यांनी पुढं पाठवला त्यांनी हेही पाठवा. पाठवून फोन बंद केला आणि एस.टी.नं अकोल्याला गेले.

आई तयार होऊन दारात बसली होती. मी तिला येते असं कळवलं नव्हतं. "चाल," म्हणाली, "त्याच्या वकिलाचं घर तुह्या भावाले माहीत हाये, मी पत्ता इचारून ठेवला."

वकील अजून कोर्टातून आले नव्हते. व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई आधीच बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मला ओळखलं, व्हिडिओवरूनच ओळखलं असणार. ती उठली आणि पायरीवर उन्हात जाऊन बसली. आईनं तिला निरखलं. मग विचारलं, "चाचीची सून काय तू?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

मी पिशवीतून डबा काढला आणि नाव तिच्याकडं करून बाकावर ठेवला. ती बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिली. बाकावर परत आली नाही. आम्ही तिघी तशाच वकिलांची वाट पाहत बसलो.