झुल्फिकारची गॅसची पिशवी

भोरच्या एसटी स्टँडमागे माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आणि त्याला लागूनच झुल्फिकारचं फ्रीज दुरुस्तीचं. मधे फक्त एक पत्रा. त्यामुळे त्याच्याकडचा प्रत्येक आवाज माझ्या कानावर येणार, आणि त्यातला मुख्य आवाज म्हणजे 'फुस्स'.

फ्रीजचा कॉम्प्रेसर बदलायचा तर आधी आतला जुना गॅस काढावा लागतो. झुल्फिकार गिऱ्हाइकाला जवळ बोलवायचा, नळी कापायचा आणि गॅस सरळ हवेत सोडून द्यायचा. ते लांबलचक फुस्स ऐकलं की गिऱ्हाईक खूश. जुना गेला, आता नवा येणार, हे त्याला कानांनी कळायचं. उन्हाळ्यात हा गडी त्याच गॅसचा गार फवारा माझ्या मानेवर मारायचा. मी शिव्या द्यायचो, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

२००४ साली सरकारनं फ्रीजवाल्यांना पुण्यात प्रशिक्षणाला बोलावलं. झुल्फिकार जेवण फुकट आहे म्हणून गेला आणि तोंड पाडून परत आला. समोर ठेवलेला चहाही घेईना.

"आनंदराव, आपण सोडतो त्यो गॅस पार वर जातो म्हणं. तिथं ओझोनचा थर हाय, उन्हातली वंगाळ किरणं अडवणारा. गॅस त्यो थर खातो. मग ती किरणं खाली येत्यात, कातडीला बाधत्यात, डोळ्याला बाधत्यात." जरा थांबून म्हणाला, "अम्मीच्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय."

"चाचींचा मोतीबिंदू वयाचा हाय," मी खेकसलो. "तुज्या एका दुकानानं काय हुतंय?"

"सगळेच असं म्हनत्यात. म्हनून तर झालं."

जगातल्या देशांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात बसून हा गॅस बंद करायचा करार केला होता. आपला देशही त्यात होता. नवे फ्रीज दुसऱ्या गॅसवर चालू लागले होते, पण घरोघरच्या जुन्या फ्रीजमधला गॅस मात्र झुल्फिकारसारख्यांच्याच हातात होता. मोठी माणसं सह्या करून मोकळी होणार आणि पाना फिरवायचा तो भोरच्या माणसानं, याचा मला चांगलाच राग आला. त्याला आला नाही. त्या दिवसापासून तो जुना गॅस प्रशिक्षणात मिळालेल्या पंपानं ओढून टाकीत भरायला आणि पुण्याच्या केंद्रावर पोचवायला लागला. फुस्स बंद झालं.

आणि इथंच गणित बिघडलं.

पालीला, राजगडाच्या पायथ्याशी, मानसिंगचं थंड पेयांचं दुकान आहे. झुल्फिकारनं त्याच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर बदलला, नवा गॅस भरला. मानसिंग शेवटपर्यंत कान लावून उभा होता. फुस्स काही झालं नाही. त्याच रविवारी पुण्याच्या पोरांची झुंड गडावरून उतरली, फ्रीजचं दार घटकेघटकेला उघडलं आणि बाटल्या कोमट राहिल्या. मग काय, मानसिंगचं तोंड सुटलं. "जुनाच गॅस ठिवला आन नव्याचं पैसं घेतलं," हे त्यानं वेल्ह्यात सांगितलं, एसटीत सांगितलं, लग्नाच्या मांडवात सांगितलं. लोकांनाही ते पटलं, कारण फुस्स कुणीच ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकं किकवीच्या मतीनकडे वळली. मतीन कारागीर चांगला, आणि फुस्सही मोकळ्या हातानं करणारा.

सहा महिन्यांत झुल्फिकारच्या दुकानात माशा. पुन्हा गॅस हवेत सोडायचा, नाहीतर दुकानाला कुलूप लावायचं, असं त्याच्यापुढं येऊन ठेपलं. एका दुपारी त्याची बायको फौजिया डबा घेऊन आली आणि पत्र्यापलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"अहो, गिऱ्हाइकासमोर थोडा सोडला तर काय आभाळ कोसळतंय?"

"तेच तर कोसळतंय, फौजिया."

मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. पलीकडे तिनं डबा उघडून त्याच्यापुढं सरकवल्याचा आवाज आला. मग फौजिया म्हणाली, "मग ऐकू येत न्हाई, तर दिसंल असं तरी करा."

प्रशिक्षणात त्याला गॅस गोळा करायची एक जाड प्लास्टिकची पिशवीही मिळाली होती. पंप असताना ती कशाला, म्हणून माळ्यावर पडली होती. दुसऱ्या दिवशी झुल्फिकारनं ती एम-एटी गाडीच्या डिकीत टाकली आणि आम्ही दोघं पालीला गेलो. मी कशाला? भांडण बघायला, दुसरं काय!

मानसिंगनं दुकानाच्या पायरीवरूनच अडवलं. झुल्फिकार म्हणाला, "मानसिंगदादा, म्या भरलेला गॅस तुमच्यासमोर काढून दावतो आन पदरचा नवा भरून देतो. फकस्त ही पिशवी तुमी धरा."

फुकटचं म्हटल्यावर मानसिंग बसला. नळी जोडली, चावी फिरवली. मांडीवरची चपटी पिशवी हळूहळू फुगायला लागली. शेजारच्या बाया धार काढायची सोडून बघायला आल्या. पिशवी उशीएवढी झाली तसा मानसिंग ती तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांनी धरून बसला.

"एवढा आत व्हता?"

"एवढा. फुस्स केलं असतं तर ह्योच वर गेला असता."

झुल्फिकारनं वरच्या थराची सगळी कथा सांगितली. मानसिंगनं गडाकडं, मग गडाच्याही वर पाहिलं. "आमच्या पालीतनं पार तिथवर? आन अमेरिकेतला कुठं जातो?"

"तिथंच. थर एकच हाय समद्यांचा. म्हनून समद्यांनी सह्या केल्यात."

"आन हितं पालीत तपासायला कोन येतं?"

झुल्फिकारनं मान खाली घातली. "कोन न्हाई, दादा."

मानसिंगनं फुगलेली पिशवी जपून झुल्फिकारच्या हातात दिली. आठवडाभरात पिशवीची गोष्ट त्याच एसटीतून, त्याच तोंडातून फिरली आणि गिऱ्हाइकं परत येऊ लागली. आता लोक पिशवी फुगताना बघायला पोराबाळांना घेऊन यायचे. मला तो गोंगाट फार आवडला.

दोनेक वर्षांनी झुल्फिकार अम्मीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला घेऊन गेला. तो परतला त्याच दिवशी किकवीचा मतीन धुळीनं माखून, शिव्या घालत दुकानात शिरला.

"भाई, तुमी न्हवता म्हनून मानसिंगनं मला बोलावलं. म्या नळीला हात घातला तर पुढ्यात आडवा! म्हनतो, पिशवी कुठाय? न्हाई म्हनलं, तर फ्रीजला शिवू दीना. पालीपासनं भोरपत्तर आलोय पिशवीसाठी. द्या एकादी!"

झुल्फिकारनं पिशवी काढून त्याच्या हातात दिली, नळी कशी जोडायची तेही दाखवलं. मतीन गेला. मग झुल्फिकार पत्र्याच्या कडेनं माझ्या दुकानात डोकावला. डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसत होता.

"आनंदराव," म्हणाला, "पालीला तपासनीस आला हो."