दहावी पुंगळी

टेबलाचा खण उघडला की बंदुकीच्या दारूचा पुसट वास येतो. काही वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या बाबांना मी शारजाबाहेरच्या शूटिंग रेंजवर नेलं होतं. पॉइंट टू टूची लिव्हरवाली रायफल होती. लिव्हर खाली-वर केला की काडतुसाची रिकामी पुंगळी टुणकन उडायची. बाबांना नेमापेक्षा तो खटकाच आवडला. दहा गोळ्या संपल्यावर ते गुडघे टेकून पुंगळ्या वेचू लागले. त्यांच्या कॉलेजात, एनसीसीत, त्या मोजून परत द्याव्या लागत. “खलास अंकल, छोड दो,” इन्स्ट्रक्टर म्हणाला. “एक कम है,” म्हणत बाबा शोधतच राहिले. दहावी मी आठवण म्हणून आधीच खिशात टाकली होती. सांगायची लाज वाटली. परवा फोनवर त्यांनी पुन्हा विचारलं, “त्या रेंजवाल्यांना ती पुंगळी मिळाली असेल का रे?” “असेल,” म्हणालो आणि खण लावून घेतला.