दाढ नव्हे, कान

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली 'टाचणी' म्हणायची, कारण ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. लहानपणी तापात दोन्ही कान गेले, तेव्हापासून ऐकायचं ते डोळ्यांनी, समोरच्याच्या ओठांवरून. आणि डोळे तरी कसले! गिऱ्हाईक मनातल्या मनात पुटपुटलं तरी सुटका नाही.

लेकीनं आपलं लग्न आपणच ठरवलं. टाचणीची अट एकच, "माझ्या कानांचं तुझ्या सासरच्यांना आधी सांगायचं. आणि मीच सांगणार." तिच्या स्वतःच्या लग्नात माहेरच्यांनी ही गोष्ट लपवली होती, आणि 'फसवलं' हा शब्द तिनं सासूच्या ओठांवर वर्षानुवर्षं वाचला होता. लेकीला तो कुणी ऐकवू नये, एवढंच तिला हवं होतं.

मग तिनं होणाऱ्या विहीणबाईंना मोबाइलवर एक चित्र पाठवलं, गालाशी, कानापाशी बोट धरलेल्या बाईचं. खुणांच्या भाषेत बोट कानापासून तोंडाकडे नेलं की 'मी बहिरी'. तिच्या बहिऱ्या मैत्रिणी रोज वापरायच्या ते. याहून स्पष्ट आणखी काय सांगायचं? उत्तर आलं, 'काळजी घ्या हं. रविवारी येतेच.' टाचणीचा जीव भांड्यात पडला.

रविवारी विहीणबाई आल्या त्या लवंगेच्या तेलाची बाटली घेऊनच. "फार ठणकतेय का हो दाढ?"

टाचणीनं ओठ वाचले. म्हणजे यांना कळलंच नाही! लेक मध्ये बोलायला निघाली, तिला टाचणीनं हातानंच थांबवलं. बोट कानाला लावलं, तोंडापाशी आणलं, आणि आपल्या जाड्याभरड्या आवाजात म्हणाली, "दाढ नाही, कान. मला ऐकू येत नाही. लपवलं नाही हो मी!"

विहीणबाईंनी बाटलीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! पण मग मी बोलले ते कसं कळलं?"

"ओठांवरून," लेक म्हणाली.

विहीणबाई उठल्या, खुर्ची फिरवून तोंडावर उजेड येईल अशा खिडकीसमोर बसल्या. "आता दिसतंय ना नीट? मग बसा. मला फार बोलायचंय."

संध्याकाळी लेकीनं सासरच्या ग्रुपवरचा निरोप आईला दाखवला. वर तेच चित्र, खाली लिहिलेलं, 'ही दाढदुखी नव्हे, हे मला आज कळलं. आमच्या विहीणबाईंना ऐकू येत नाही. हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सगळ्यात आधी सांगितलं. लग्नात त्यांच्याशी समोर येऊन बोलायचं. पाठ फिरवून बोललात, तर गाठ माझ्याशी आहे.'

'सगळ्यात आधी' हे शब्द टाचणीनं पुन्हा वाचले, आणि मांडीवरचं कापड डोळ्यांना लावलं. गिऱ्हाइकाचं होतं ते. असू दे मेलं.